तक्रार नाही

ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला आणि टिमन्सांची चवळी एकदम अंगावर आली. जुलैभर पावसानं दडी मारली होती, तेव्हा शेंग धरते की नाही अशी गत. मग दोन दांडग्या सरी झाल्या आणि सगळा तुकडाच्या तुकडा एका दमात जांभळा झाला. चवळीचं हे असंच असतं. तीन दिवस उशीर केला की शेंग वाळते, दाणा आत खडखड वाजायला लागतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. अलाबामाच्या त्या काळ्या मातीच्या पट्ट्यात दहाच्या पुढं उन्हात उभं राहायची सोय नाही. काय तोडायचं ते तांबडं फुटल्यापासून दहापर्यंत.

ओझेला टिमन्स एकसष्ट वर्षांची, आडव्या हाडाची बाई. सव्वीस वर्षं तिनं माशांच्या कारखान्यात मुंडकी उडवायच्या यंत्रापाशी काढली होती. त्या यंत्रानं तिचं उजवं मनगट कायमचं वाकडं करून ठेवलं होतं, म्हणून ती डाव्या हातानं शेंगा तोडायची आणि तरीही नवऱ्याच्या पुढं असायची. नवरा हर्शेल अंगानं काटकुळा, पण जीभ मात्र धार लावलेली. मुलगा लॅमार ट्रक घेऊन पंधरापंधरा दिवस मुलुखभर फिरायचा. त्याची बायको डेनिटा सात महिने पुरे करून सासूसासऱ्यांकडंच राहिली होती. तिला वाफ्यात उतरायची मनाई होती. ती सरीच्या टोकाला उलट्या बादलीवर बसायची आणि किडक्या शेंगा बाजूला काढायची.

"आई, ह्या टोपलीत निम्मा पाला हाय," डेनिटा म्हणाली.

"त्यो सासऱ्याच्या टोपलीतला आसंल," ओझेला न वळता म्हणाली. "त्यो शेंगा तोडत न्हाई, वेलावर राग काढतो."

"चाळीस वर्सं राग काढायला दुसरं कुनी घावलं न्हाई म्हनून," हर्शेल पलीकडच्या सरीतून म्हणाला.

यंदा ओझेलाच्या मागं चवळीखेरीज आणखी एक काम होतं. विद्यापीठातली माणसं त्या पट्ट्यातल्या अकरा तालुक्यांतून माहिती गोळा करत होती. गोऱ्या बाईपेक्षा काळी बाई बाळंतपणात जास्त का मरते, पोर गेलं तर तिचंच जास्त का जातं, याचा शोध. हॅझलटन तालुक्यासाठी त्यांना घरोघर जाऊ शकेल अशी बाई हवी होती. पाद्रीबाबांनी क्षणाचाही विचार न करता ओझेलाचं नाव सांगितलं. तालुक्यातल्या कुठल्या घरी कुत्रं चावतं आणि कुठल्या घरी माणूस, हे तिला पाठ होतं.

जून-जुलैत तिनं एक्केचाळीस घरं केली. चार पानी फॉर्म, निळ्या शाईचं पेन, टपोरं अक्षर. कुठं खाडाखोड नाही, कुठं चहाचा डाग नाही. गठ्ठा बांधून दिला तेव्हा तिला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं होतं. आणि का होऊ नये? तालुक्यात सहा वर्षांत चार बायका बाळंतपणात गेल्या होत्या, त्यांतली एक तिची स्वतःची लेक, लव्होन. त्यांच्याबद्दल कुणी काही विचारायला आलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि विचारणारी कोण, तर ओझेला टिमन्स.

त्या शनिवारी दुपारी इमानी कॉल्डवेलची गाडी आवारात शिरली. इमानी म्हणजे या कामावरची बाई, बर्मिंगहॅम शहरातली. वर्णानं टिमन्सांसारखीच काळी, बत्तीस वर्षांची. नावापुढं डॉक्टर होतं, पण सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, आकडे मांडणारी. ओझेलानं तिला ओट्यावर बसवलं, गोड गार चहाचा पेला दिला आणि मांडीवर शेंगांचं भांडं ठेवलं. टिमन्सांच्या ओट्यावर ऑगस्टात रिकाम्या हातानं बसायला कुणालाच परवानगी नव्हती. मयताची व्यवस्था बघणाऱ्या दुकानाची जाहिरात छापलेला, चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा हलवत डेनिटा पायरीवर बसली होती. हर्शेल खुर्ची मागं रेलून शेंगा सोलत होता.

इमानीनं दोन शेंगा चेंगरल्या, तिसरीचे दाणे उडवले. मग म्हणाली, "मिस ओझेला, एक सांगायचंय. रागवायचं नाही." त्या मुलुखात लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात.

"रागवायचं का न्हाई ते म्या ठरवीन. तू सांग."

"नववा प्रश्न. बाळंतपणात किंवा नंतर काही तक्रार होती का? तुमच्या एक्केचाळीस फॉर्मांत एक्केचाळीस वेळा एकच उत्तर आहे. तक्रार नाही."

"मंग? बाया जे म्हनल्या ते म्या लिवलं."

"आमच्या मोठ्या सरांचं म्हणणं असं आहे, की हे शक्य नाही." इमानी भांड्यात बघत बोलत होती. "त्यांना वाटतं, हे फॉर्म ओट्यावर बसून भरलेत."

हर्शेलच्या खुर्चीचे पुढचे पाय खाडकन खाली आले. सव्वीस वर्षं कारखान्यात एक दिवस उशिरा न गेलेली बाई. तिच्या हातात कुणी पेन दिलं होतं ते आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या पेनावरच थुंकलं कुणीतरी. तिची कानशिलं तापली.

"लाल मुंग्या घोट्यापर्यंत डसल्या मला," ती म्हणाली. "मार्व्हलिनच्या घरला तीन खेपा घातल्या, ती कारखान्यात पाळीवर आसती म्हनून. त्या तुझ्या सरानं कदी चिखलात गाडी ढकलली हाय का?"

"मला माहीत आहे. मी त्यांना तेच सांगितलं."

"आन् ते काय म्हनले?"

"ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत हे उत्तर तपासून द्या. नाहीतर हॅझलटन वगळावं लागेल. अहवालात दहाच तालुके जातील."

"आन् लव्होन?"

इमानीनं मान वर केली. "तीही जाणार नाही, मिस ओझेला. इथलं कुणीच नाही जाणार."

ओझेलानं मांडीवरचं भांडं खाली ठेवलं आणि हात खसाखसा पुसले. अंगठे मनगटापर्यंत जांभळे झाले होते. "इचार मला," ती म्हणाली. "म्या जसं घरोघर इचारलं तसंच इचार. म्या बी तीन पोरं जल्माला घातल्यात. बघू दे तरी चुकलं कुटं."

इमानीला अवघडल्यासारखं झालं, पण तिनं विचारलं. "तुमच्या शेवटच्या बाळंतपणात काही तक्रार होती का?"

"न्हाई. देवाची किरपा."

हर्शेल असा हसला की त्याला ठसका लागला. "किरपा! आगं लॅमारच्या वक्ताला दोन बादल्या रगत गेलं हिचं. पंधरा दिस भितीला धरून चालत व्हती. भाकरी म्या भाजल्या, आन् पोरांनी त्यो कोळसा खाल्ला."

"ती काय तक्रार व्हय? बाळंतपन व्हतं ते."

"ऐक पोरी," हर्शेल आता इमानीकडं वळला. "ह्या बाईचं मनगट यंत्रात गेलं. हाड भायेर. मुकादम पळत आला, म्हनला, ओझेला, कशी हायेस? ही म्हनली, देवाची किरपा, तुमी कसं हाय?"

डेनिटा फिसकन हसली. इमानी हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या मुलुखात हे उत्तर इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाच्या कानाला ते उत्तर वाटतच नाही. चर्चच्या दारात, दुकानात, कारखान्याच्या फाटकात, कुणी कशी आहेस म्हटलं की देवाची कृपा. पाय मोडला तरी तेच आणि नवरा पळाला तरी तेच. आजी-पणज्यांनी शिकवलेलं. मालकासमोर कण्हायचं नाही, आपलं दुखणं त्याच्या हातात द्यायचं नाही. ओझेलानं विचारलं, बायकांनी देवाची कृपा म्हटलं, आणि ओझेलानं टपोऱ्या अक्षरात लिहिलं, तक्रार नाही. तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटण्याचं कारणच नव्हतं.

"मिस ओझेला," इमानी हळू म्हणाली, "लव्होनचे दवाखान्यातले कागद आलेत. तुम्ही जूनमध्ये सही केली होती ना, त्यावर दिले त्यांनी. गाडीत आहेत. कसे द्यावेत ते मला कळत नव्हतं."

"आन. आन् मोठ्यानं वाच."

सहा पानं होती. इमानीनं मधलं काढलं. बाळ सकाळी झालं होतं; ते जगलं, बापाकडं वाढत होतं. संध्याकाळी सहा वाजता नर्सनं लिहिलं होतं, रुग्णाची तक्रार नाही. रात्री नऊला, तक्रार नाही. दोन वाजता, तक्रार नाही. त्याच्याखाली पाच वाजताची नोंद होती, आणि तिथं लव्होन नव्हतीच.

डेनिटाचा पंखा थांबला. हर्शेल उठून अंगणात गेला आणि उगाच पंपाची तोटी घट्ट करत बसला.

ओझेला त्या रात्री त्या खोलीत होती. नऊ वाजता लव्होननं तिचा हात धरला होता. आई, डोकं फुटतंय, डोळ्यांम्होरं काजवे चमकत्यात. आणि ओझेला काय म्हणाली होती? दम धर. त्येंच्यापुढं कन्हू नगं. टिमन्सांची पोर हायेस तू. तेवढ्यात नर्स दारात आली, दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, काय, कसं काय? आणि लव्होन उशीवरनं हसली होती. आईकडं एकदा बघून हसली होती. देवाची किरपा, मॅडम.

हे तिनं सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता ओट्यावर, चवळीच्या सालांत बसून तिनं ते पहिल्यांदा बोलून टाकलं. रडली नाही.

"दोष तुमचा नाही," इमानी म्हणाली. "हे बघा. सहा वाजल्यानंतर कुणी तिचं ब्लड प्रेशर पाहिल्याची नोंदच नाही. दारातून विचारलं आणि गेली. विचारणं म्हणजे तपासणं नव्हे, मिस ओझेला."

"माझा किती आन् त्येंचा किती, ते म्या नंतर वाटून घेईन," ओझेला म्हणाली. "तुझ्याकडं कोरे फॉर्म हायेत?"

"किती हवेत?"

"एक्केचाळीस. आन् ती शेंग सोल आता, कवाधरनं हातात धरून बसलीस."

दुसऱ्या दिवसापासून टिमन्सांच्या घरात दिवसाचे तीन तुकडे पडले. दहापर्यंत चवळी. मग रस्त्याच्या कडेला हर्शेलचं पाल, तिथं तो आणि डेनिटा चवळीच्या पिशव्या विकायचे. आणि ओझेला जुन्या पिकअपमध्ये एक टोपली न सोललेल्या शेंगा टाकून निघायची. काम पडून राहायला नको आणि समोरच्या बाईचे हातही गुंतलेले हवेत. हात रिकामे असले की बाई फॉर्मकडं बघते आणि तोंड शिवून घेते, एवढं आता तिच्या ध्यानात आलं होतं.

पहिली मार्व्हलिन. वय चौतीस, कारखान्यात मासे सोलणारी, बोलायला फाटक्या तोंडाची.

"परत आलीस?" ती जाळीच्या दारातूनच म्हणाली. "मागल्या बारीला एवढं इचारलंस तेवढं माझ्या नवऱ्यानं लगनाआदी इचारलं न्हवतं."

"इचारलं आसतं तर लगीन झालं नसतं," ओझेला म्हणाली. "बाजूला सर. बसू दे."

तिनं फॉर्म काढलाच नाही. दोघींच्या मध्ये टोपली ठेवली आणि शेंगा सोलता सोलता लव्होनचं सांगितलं. काजव्यांचं सांगितलं, दारातल्या नर्सचं सांगितलं, आणि आपण दम धर म्हटलं तेही सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं. एक्केचाळीस घरी सांगावं लागलं. पण तिनं ते एकदाही गाळलं नाही, कारण स्वतःचं पदरातलं काढल्याशिवाय दुसरीच्या पदरातलं मागायचं कोणत्या तोंडानं?

मार्व्हलिननं टोपली जवळ ओढली. तेव्हा ओझेलानं विचारलं, "तुझ्या धाकटीच्या टायमाला, तू कुनाला काय सांगितलंस? आन् त्यांनी काय केलं?"

प्रश्न एवढाच. तक्रार हा शब्दच नाही त्यात.

"रगत थांबंना म्हनून सांगितलं," मार्व्हलिन म्हणाली. "एकदा न्हवं, तीनदा सांगितलं. पयल्या बारीला म्हनली, व्हतं आसं. दुसऱ्या बारीला म्हनली, तुमच्यातल्या बाया दणकट आसत्यात, कशाला घाबरतीस. तिसऱ्या बारीला म्या काय म्हनलेच न्हाई. चादर वर केली आन् दावली." तिनं शेंग मोडली. "मंग पळापळ. पिशवी काढून टाकली माझी. सत्तावीस वर्सांची व्हते मी. मला अजून एक पोरगा पायजे व्हता, मिस ओझेला."

"मागल्या बारीला हे सांगितलं न्हाईस."

"तू तक्रार हाय का म्हनलीस. म्या काय तक्रारखोर हाय व्हय?"

ओझेलानं तेव्हा फॉर्म काढला आणि चादर वर केली, हे शब्द जसेच्या तसे लिहिले. जागा पुरली नाही, म्हणून पानाच्या पाठीवर गेली. मार्व्हलिननं वाचून दाखवायला लावलं आणि मान डोलावली. "दणकट ह्यो शब्द नीट दिसंल आसा लिव," ती म्हणाली.

असं घरामागून घर. कुणाला उकाड्यानं होतं म्हणून परत पाठवलं होतं. कुणाला विचारलं होतं, नवरा आहे का तुला. एका पोरीनं तीन दिवस बाळ हलत नाही म्हणून फोन केला, तिला साखरेचं पाणी पी म्हणून सांगितलं. आणि कितीतरी जणी अशा, की ज्यांनी सांगितलंच नव्हतं. हसून देवाची कृपा म्हटलं होतं आणि घरी येऊन कोसळल्या होत्या. ओझेला दोन्ही प्रकार लिहायची. सांगितलं, ऐकलं नाही. सांगितलं नाही, कुणी बघितलं नाही. पहिल्या खेपेला टपोरं येणारं अक्षर आता घाईनं तिरकं व्हायला लागलं आणि तिला त्याचं काही वाटेनासं झालं.

गोऱ्या घरांची पाहणी दुसरी एक बाई करत होती. पण ओझेला हट्टाला पेटली होती. मिसेस लायल दर शनिवारी पालावर चवळी घ्यायला यायची, गोरी, मनानं चांगली, तोंडानं भरभर बोलणारी. तिचं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं होतं, लव्होन गेली त्याच वर्षी. पिशवी बांधता बांधता ओझेलानं तिलाही तोच प्रश्न विचारला.

"अगं बाई, मला आठवतंय ना," मिसेस लायल म्हणाली. "रात्री डोकं दुखायला लागलं. मी नुसतं म्हटलं, तर दोन डॉक्टर धावत आले, रात्रभर हाताला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधून ठेवला, दर थोड्या वेळानं बघत होते. मला तर कंटाळा आला होता." मग ती थांबली. सहा वर्षांपूर्वी टिमन्सांच्या घरी दुखवट्याला, तिकडच्या रिवाजानं, तिनं केक पाठवला होता. "तुमच्याकडं… तुमच्याकडं आले नव्हते का कुणी?"

"दारापत्तूर आले व्हते," ओझेला म्हणाली.

मिसेस लायलनं पिशवी घेतली आणि उरलेले पैसे परत घ्यायला विसरून गाडीत जाऊन बसली. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. ओझेलाला तिचा राग आला नाही. राग यायला तिनं वाईट काय केलं होतं? डोकं दुखतंय म्हणाली आणि जगली. तेवढंच तर करायचं होतं.

एकतीस तारखेला इमानी आली तेव्हा चवळी संपली होती, वेल पिवळे पडले होते आणि एक्केचाळीस फॉर्म तयार होते. तेहतीस घरांत काही ना काही घडलेलं. बारा घरांत मरता मरता वाचलेलं. इमानी ओट्यावरच वाचत बसली. चहा तसाच राहिला. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"सरांनी सगळे फॉर्म दोनदा वाचले," ती म्हणाली. "हॅझलटन राहतंय, मिस ओझेला. आणि नववा प्रश्न बदललाय, सगळ्या अकरा तालुक्यांसाठी. कुणाला काय सांगितलंत आणि त्यांनी काय केलं. उरलेल्या दहा ठिकाणी परत जाताहेत माणसं."

"त्यो प्रश्न माझा हाय."

"हो. खाली तसं लिहिलंय. प्रश्न, ओझेला टिमन्स, हॅझलटन."

"मिसेस ओझेला टिमन्स लिव, नुसतं नाव नगं. आन् ओट्यावर बसून फॉर्म भरले म्हनला त्येचं काय? त्येला म्हनावं, माफी कागदावर पायजे. शाईनं."

कागद आला. हर्शेलनं तो फ्रिजवर चिकटवला आणि मीटर बघायला आलेल्या माणसालाही उभं करून वाचून दाखवला. "माझी बायकू," तो म्हणायचा, "इद्यापीठाची चूक काढती. माझी तर चाळीस वर्सं काढतीया, पन मला कागद मिळत न्हाई." ओझेला त्याला गप बसा म्हणायची, पण कागद काही काढून टाकत नव्हती. छाती दीड वीत फुगली होती तिची, आणि तिनं ती लपवलीही नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी डेनिटा कपडे वाळत घालताना तारेला धरून उभी राहिली. ओझेलानं खिडकीतून पाहिलं. ती बाहेर गेली तेव्हा पोरीचा चेहरा सुजलेला होता, लग्नातली अंगठी बोटात रुतली होती.

"काय व्हतंय?"

डेनिटानं सवयीनं तोंड उघडलं, मिटलं आणि मग म्हणाली, "काल सकाळधरनं डोकं ठनकतंय. आन् आता तारेवरचे चिमटे दोन दोन दिसत्यात."

हर्शेलनं पिकअप काढली. हॅझलटनमधली बाळंतपणाची खोली चार वर्षांपूर्वीच बंद झाली होती. आता जायचं ते चाळीस मैलांवर, शेजारच्या तालुक्यातल्या दवाखान्यात. सहा वर्षांपूर्वीचा रस्ता वेगळा होता, पण गाडी हीच होती.

नर्स तरुण होती, गोरी, चोवीस-पंचवीसची. तिनं कागदावर सोबतच्या बाईचं नाव पाहिलं. "तू सासू का? ओझेला? तू तिकडं बस." एकसष्ट वर्षांच्या बाईला, एकेरीत. ओझेला खुर्चीवर बसली. तिच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या होत्या.

"त्या मिसेस टिमन्स हायेत," डेनिटा म्हणाली.

नर्सनं वर पाहिलं. "बरं. तर, कसं वाटतंय आज?"

ओझेलानं खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

"काल सकाळधरनं डोकं दुखतंय," डेनिटा म्हणाली. "गोळी घेतली, थांबलं न्हाई. सकाळधरनं दोन दोन दिसतंय. हितं, बरगडीखाली दुखतंय. चौतिसावा आठवडा हाय."

"उकाडा किती आहे बघतेस ना," नर्स म्हणाली. "या दिवसांत सगळ्यांचेच पाय सुजतात. पाणी भरपूर पी आणि पाय उंच करून…"

"पायाचं म्या बोललेच न्हाई." डेनिटा ओरडली नाही. ओट्यावर भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "डोकं म्हनलं, डोळं म्हनलं, बरगडी म्हनलं. तिन्ही लिवा. लिवा तुमी, म्या थांबते. मंग प्रेशर बघा, आन् त्ये बी लिवा. लिवलेलं मला वाचून बघायचं हाय."

नर्स लाल झाली. पण तिनं लिहिलं. डेनिटानं मान पुढं करून वाचलं आणि बरगडी राहिली म्हणून बोट ठेवलं. मग तिनं स्वतःच बाही वर केली आणि हात पुढं केला.

पट्टा फुगला, उतरला. नर्सनं पुन्हा फुगवला. काटा बघून तिचा चेहरा बदलला आणि ती काही न बोलता जवळजवळ पळत बाहेर गेली. डॉक्टर आली, मागोमाग रुग्णवाहिका आली. हाताला सुई लावून डेनिटाला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळच्या आत मुलगी झाली. वजन चार पौंड, आवाज मात्र आजोबाचा.

पाचव्या दिवशी ओझेला वॉर्डात गेली तेव्हा डेनिटा उशाला टेकून बसली होती. सूज उतरली होती. बाळ अजून काचेच्या पेटीत होतं, पण पेटीतूनही पाय झाडत होतं. ओझेलानं पिशवीतून फॉर्म काढला. बेचाळिसावा.

"आता?" डेनिटा म्हणाली. "टाके बी वाळले न्हाईत माझे."

"आता. मंग इसरतीस." ओझेलानं पेनाचं टोपण काढलं. "कुनाला काय सांगितलंस, आन् त्यांनी काय केलं?"

डेनिटानं थोडा विचार केला. "नर्सला सांगितलं. तिनं ऐकलं न्हाई. मंग परत सांगितलं. तवा ऐकलं."

ओझेलानं लिहिलं. अक्षर पुन्हा टपोरं येत होतं. खाली शेवटचा रकाना होता.

"सोबत कोन व्हतं?"

"सासू."

"सासूनं काय केलं?"

डेनिटा हसली. "खुर्चीवर बसून व्हती. तोंड उघाडलं न्हाई."

"आस्सं लिवू?"

"लिवा," डेनिटा म्हणाली, "आन् फुडं लिवा, उघडावं लागलं न्हाई."

ओझेला टिमन्सनं ते शब्द जसेच्या तसे उतरवले, आणि खाली सही केली.